सोमवारची यादी

लग्नाला आठवडा झाला नव्हता, मृणाली म्हणाली,
"हंय दर्या नाय, तर लोक सांजचे करतत काय?"
मी म्हणालो, रंकाळा आहे की.
तिनं रंकाळा बघितला. कणीस खाल्लं.
वेंगुर्ल्याची पोरगी, काही बोलली नाही,
पण चपलेत गेलेला खडा काढताना
एकदा पाण्याकडं बघून हसली.

अंबाबाई झाली, जोतिबा झाला,
पन्हाळ्यावर झुणका-भाकर झाली,
चार सोमवारांत माझं कोल्हापूर संपलं.

मग उद्यमनगरात, लेथवर वाकलेल्या
भूपाल मगदूम मामांना विचारलं.
मामांनी मशीन थांबवलं नाही.
चलनाच्या पाठीवर तेलकट पेन्सिलीनं लिहून दिलं:
पोहाळे. प्रयाग चिखली. आळत्याचा रामलिंग.
खिद्रापूर, आणि त्याच्याखाली दोन रेघा.
"आमच्या शिरोळात हाय म्हणून न्हाई," म्हणाले,
आणि पुन्हा पोलादाची कुरळी साल
घमेल्यात पडू लागली.

पोहाळ्याच्या लेण्यात आम्ही दोघं आणि एक शेळी.
गार दगड. डोळे सरावेपर्यंत नुसता अंधार.
भिंतीवर कुणीतरी कोळशानं लिहिलेलं:
सागर, बारावी कला.
"गावलो," ती म्हणाली, "गावलो दर्या!"
आणि इतकी हसली की शेळी उठून बाहेर गेली.

चिखलीला आम्ही नद्या मोजत बसलो.
कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती.
पाचवी दिसत नाही, असं घाटावरचे म्हातारे म्हणाले.
मला तर चारही वेगळ्या दिसेनात.
"ह्या पुढं खंय जातत?"
कृष्णेला.
"आणि कृष्णा?"
लांब. पूर्वेला. पार बंगालच्या उपसागरात.
ती काठावरची माती नखानं उकरत राहिली.
"डोंगरार उभ्या रवल्यार आमचो दर्या दिसता यांका,
आणि पाठ करून चलत ऱ्हवतत."
मला उत्तर सुचलं नाही.
गाडीची किल्ली खिशात असूनही
मी ती गवतात शोधत बसलो.

रामलिंगला जायच्या सोमवारी
सीपीआरला तिची नाइट डबल झाली.
ते अजून राहिलंय.

खिद्रापूरला मात्र गेलो, भर उन्हाचे.
खांबांच्या गर्दीत छपराला गोल भोक,
आणि बरोबर त्याच्याखाली गोल फरशी,
त्यावर वरून सांडलेलं ऊन.
ती चप्पल नसलेल्या पायांनी उन्हाच्या मधोमध उभी राहिली,
एक पाय भाजला की दुसऱ्यावर.
"हेचां छप्पर पडला काय?"
नाही, म्हणालो, तसंच ठेवलंय.
"मुद्दाम?"
मुद्दाम.
नंदी नाही इथं, तो नदीपलीकडं यडूरला आहे म्हणतात.
"मगे ह्यो देव त्याची वाट बघता?"
एवढं काही मला ठाऊक नव्हतं.
खरं सांगायचं तर
यादीतलं एकही ठिकाण मी आधी बघितलं नव्हतं.
एकोणतीस वर्षं कोल्हापुरात,
आणि प्रत्येक फाट्यावर
मोबाईल लपवून रस्ता बघायचो.
तिथं, त्या उन्हात, सांगून टाकलं.
"म्हायत हा," ती म्हणाली.
"आळत्याच्या फाट्यार तीनदा वळलंस."

येताना कुरुंदवाडच्या अलीकडं पंक्चर.
इलाही चाचांनी ट्यूब काढली,
फुगवली, पाण्याच्या टबात दाबली.
मृणाली उकिडवी बसून टबात बघत होती.
"कुठनं आलाय पाव्हणं?" चाचांनी मला विचारलं.
मी तोंड उघडायच्या आत
ती म्हणाली, "हितलंच की. कोल्हापूर."
अगदी आमच्या पेठेतल्या हेलात,
शेवटचं अक्षर लांबवून.
आणि लगेच पाण्यात बोट घालून, "थांबा, थांबा,
हे बघा, हंय हा भोक,"
जिथनं बारीक बारीक बुडबुडे
वर येत होते.